बयाबाईंच्या गळ्यातला बेडूक

“मॅडम, तुम्ही कधी कुणाचं हृदय मुद्दाम बंद पाडलंय का?”

हा प्रश्न माझा नव्हता. माधुरीने आणि आमच्या मागच्या बाकावरच्या दोघींनी तो मधल्या सुट्टीत तयार केला होता. विचारलास तर आठवडाभर आमच्या डब्यातला पहिला घास तुझा, नाही विचारलास तर तुझा अख्खा डबा आमचा. माझी आई गुरुवारी अळूवडी देते, त्यामुळे माघार घेणं शक्यच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला घ्यायचीही नव्हती. ऑगस्टपर्यंत मी हजेरीसुद्धा इतकी हळू द्यायचे की सरांनी मला दोनदा गैरहजर मांडलं होतं. मग गणपतीत सूत्रसंचालन करणारी मुलगी तापाने पडली, माईक माझ्या हातात आला, आणि तेव्हापासून तो काढून घेणं सगळ्या शाळेला जड जातंय.

सभागृहात दहावीचे तिन्ही वर्ग सतरंजीवर बसले होते. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्यांच्या चहात मीठ टाकलं होतं. स्टेजवर डॉ. इरावती दातार होत्या. मूळच्या महाडच्या, आमच्याच शाळेत शिकलेल्या, आता पुण्यात हृदयाच्या ठोक्यांच्या डॉक्टर. “हृदयात नळ असतात आणि वायरिंग असतं. नळवाले डॉक्टर वेगळे, मी वायरिंगवाली,” असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

“हो,” त्या म्हणाल्या. “गेल्या मंगळवारी. चार सेकंद.”

सतरंजीवरचे सगळे एकदम ताठ बसले.

मग त्यांनी सांगितलं की एक इंजेक्शन असतं, ते दिलं की ठोके क्षणभर थांबतात आणि आपापले परत सुरू होतात. बिघडलेली लय त्यात कधी कधी ताळ्यावर येते. आणि एवढंच नाही, त्या तर आजारसुद्धा मुद्दाम सुरू करतात. पेशंट टेबलावर असतो तेव्हा त्याचं हृदय अगदी शहाण्यासारखं चालत असतं. मग त्याला बारीक विजेने डिवचायचं. चोराला आपल्यासमोर चोरी करायला लावायची, म्हणजे तो कुठून येतो ते कळतं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. “प्रश्न तुझा होता?”

“नाही. पैज होती.”

“जिंकलीस ना? मग उद्या पोलादपूरला ये. माझ्या मैत्रिणीच्या दवाखान्यात महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसते मी. नावं लिहून घ्यायला कुणीतरी हवं असतं, आणि मोठ्याने बोलणारं हवं असतं, निम्म्यांना ऐकू येत नाही.”

मी हवेतच होते. माधुरी मात्र मान खाली घालून चालत होती. सायकल स्टँडपाशी आल्यावर म्हणाली, “त्यांना दाखवायला आईला आणू का गं?”

आणि मग जे तीन वर्षं एका बाकावर बसून मला माहीत नव्हतं ते तिने सांगितलं. माधुरी इथे वसतिगृहात असते; तिची आई बयाबाई, पोलादपूरच्या वर कातळवाडीत राहते, शेरडं राखते. अधूनमधून तिची छाती उधळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पावसाळ्यात दोनदा उतारावर पडली. वडील, भैरूकाका, म्हशी घेऊन दुसऱ्या अंगाला असतात. त्यांनी सांगून टाकलंय, बाईमाणसाला रानात एकटं सोडायचं नाही, दहावी झाली की माधुरीने वर यायचं आणि आईबरोबर शेरडांमागं फिरायचं. माधुरीला गणितात नेहमी माझ्यापेक्षा जास्त पडतात. हे मी कुणाला सांगत नाही, पण पडतात.

माधुरीने वाडीत निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, बयाबाई भैरूकाकांबरोबर आल्या. चाळिशीच्या, काटक, डोक्यावर पदर, पायांत मुलाच्या मापाचे कॅनव्हासचे बूट. मॅडमनी ईसीजीची पट्टी काढली. एकदम स्वच्छ.

“ही पाचवी पट्टी,” भैरूकाका म्हणाले. “पाची टायमाला सांगतात, काय नाय. मग पडली ती काय हौसेनं?”

“हिथं आलं की गप बसतंय गो बाय,” बयाबाई म्हणाल्या. “वर गेलं की नाचतंय. आता दोन तास डोंगर उतरायचा, त्याला काय आपली वाट बघायची हाय?”

मॅडमनी पट्टी बाजूला ठेवली. “कसं होतं ते सांगा. तुमच्या शब्दांत.”

“लाज वाटते सांगाया.”

“सांगा तरी.”

“गळ्याशी बेंडूक बसल्यावानी. टुण टुण टुण उड्या मारतो. भायेर पण येत नाय नि आत पण जात नाय. धा मिनटं, कदी अर्धा तास. मग एकदम ग्येला.”

मॅडम इतक्या खूश झाल्या की भैरूकाका सावध झाले. त्यांनी खणातून एक जाड लाल वही काढली. त्यात सगळे शब्द होते. पाखरू, मासोळी, जातं, इंजान, पाय सुटलेलं घोडं. छाती उधळल्यावर माणसं काय म्हणतात, ते त्या चार वर्षं गोळा करत होत्या. नुसत्या शब्दावरून लय ओळखता येते का, हा त्यांचा अभ्यास. “गळ्यातला बेडूक मी पुस्तकात वाचलाय,” त्या म्हणाल्या. “परदेशातले डॉक्टरसुद्धा या खुणेला बेडूकच म्हणतात. तुम्ही ते पुस्तक वाचलेलं दिसत नाही.”

“मी कसलं वाचते,” बयाबाई म्हणाल्या, पण त्यांना बरं वाटलं.

आजार कुठला ते मॅडमना जवळजवळ कळलं होतं. पण नुसत्या शब्दावर मी कुणाच्या हृदयात तार घालत नाही, त्या म्हणाल्या, बेडूक पट्टीवर दिसायला हवा. म्हणून त्यांनी बयाबाईंच्या छातीला चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी कमरेला बांधली. होल्टर. दोन दिवस प्रत्येक ठोका त्यात उतरणार. बेडूक आला की डबीवरचं बटण दाबायचं. “आणि रोजच्यासारखं वागायचं,” मॅडमनी बजावलं.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मी रिपोर्ट बघितला तेव्हा मला रडूच आलं. दोन दिवसांचे पावणेदोन लाख ठोके आणि त्यात एकही वाकडा नाही. मॅडम पण भुवया चढवून बघत राहिल्या.

“बयाबाई, एवढे सावकाश ठोके? दोन दिवस काय केलंत?”

“काय करणार? बसले.”

“बसलात?”

“डाक्टरीणबायचं मिशन अंगावर. मागून आणलेल्या वस्तूला राबवायची नाय. शेजाऱ्याचा बैल आणला तरी दुपारनंतर त्याला औताला लावत नाय आमी. नवं लुगडं नेसले, वाकळ घातली नि बसले. अख्खी वाडी बघाया आली. च्या पण शेजारच्या गोदूबाईनं हातात आणून दिला.”

तेव्हा मला डबीच्या कडेला लागलेलं हळदकुंकू दिसलं. चांगलं दोन बोटं भरून लावलं होतं.

मॅडम हसू आवरायला खिडकीकडे गेल्या. पण परत आल्या तेव्हा चेहरा गंभीर होता. डबी एकच होती आणि तिच्यासाठी चार जण थांबले होते. पुन्हा बयाबाईंचा नंबर मार्चमध्ये लागला असता. मार्चमध्ये आमचे पेपर. पेपर संपले की माधुरी डोंगरावर. माधुरी दारात उभी राहून नखं खात होती, आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं.

“मॅडम, पूर्वपरीक्षा संपली की आम्हाला अभ्यासाची सुट्टी आहे. तेव्हा दोनच दिवस द्या. मी वर जाते. मी त्यांना बसू देणार नाही.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ज्यांचा नंबर होता त्या आजोबांना त्यांनी विचारलं, दोन दिवस थांबाल का. आजोबांना ऐकू आलं नाही. मग मी विचारलं, मोठ्याने. ते म्हणाले, पोरी, चार दिवस घे पण ओरडू नको.

आईला पटवायला एक संध्याकाळ गेली. आई शिक्षिका आहे, तिला सगळं लेखी लागतं. मग मॅडमनीच फोन केला आणि मला एक पाठ दिला, तो मी आईसमोर घोकून दाखवला: चिकटपट्ट्या ठरलेल्या जागी लावायच्या, बेडूक आला की बटण दाबायचं, वेळ लिहायची, पेशंटला बसवायचं, मिटलेल्या मुठीत पंधरा सेकंद जोरात फुंकायला लावायचं आणि लगेच आडवं करून पाय वर धरायचे. चक्कर वाढली, छातीत दुखलं, तर फोन आणि खाली. बाबांचं बाजारात चष्म्याचं दुकान आहे. ते दुकान बंद करून मला गाडीरस्ता संपेपर्यंत सोडायला आले आणि वर बघून म्हणाले, “एवढं चढून तुझाच ठोका मोजायची वेळ येणार.”

आली. माधुरी शेळीसारखी पुढे आणि मी दर वळणावर दगडावर.

बयाबाई आमची वाटच बघत होत्या. नवं लुगडं, घातलेली वाकळ, तयार.

“काकू, उठा,” मी म्हणाले.

“मिशन हाय.”

“हे मशीन आता मागून आणलेलं नाही. मॅडमनी माझ्या नावावर दिलंय, सही केलीय मी. म्हणजे दोन दिवस माझं. आणि मी सांगते, राबवा.”

बयाबाईंनी विचार केला. “तुझं?”

“माझं.”

“मग धनी पण बरोबर राबतो. औत काय एकट्या बैलाचं नसतं. ऊठ, हंडा घे.”

माधुरी इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. त्या शनिवारी मी काय काय केलं ते लिहिलं तर वेगळी वही लागेल. झऱ्यावरून पाणी आणलं, निम्मं अंगावर घेतलं. गोठ्यातलं शेण काढलं. शेरडांमागे गेले, तर एक काळी शेळी माझी ओढणी चघळत माझ्यामागे. बयाबाई पुढे चालायच्या, डबी कमरेला, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून म्हणायच्या, “दमलं का गो तुझं मिशन?” मिशन दमलं नव्हतं. बेडूकही आला नव्हता. रविवारी सकाळी मी डबीकडे बघून हातच जोडले. माधुरीने खालून आणलेली गणिताची वही उघडलीच नव्हती.

अकरा वाजता आम्ही गवताचे भारे आणत होतो. माझा भारा बयाबाईंच्या भाऱ्याच्या पावपट होता. तरी उतारावर माझा पाय घसरला आणि मी थेट शेणात. पालथी. बयाबाई आधी मनसोक्त हसल्या. मग आपला भारा टाकला, खाली वाकल्या, मला बगलेत धरून वर ओढलं आणि तशाच थांबल्या. हात गळ्यावर.

“आला गो,” त्या हळू म्हणाल्या. “बेंडूक आला.”

मी शेणाच्या हाताने बटण दाबलं. माधुरीने वेळ लिहिली, अकरा वाजून सात मिनिटं. मी बयाबाईंचं मनगट धरलं. मोजताच येईना. बोटांखाली नुसती थरथर. गळ्याशी तर डोळ्यांनी दिसत होतं, टुण टुण टुण. इतका वेळ मी बेडूक यावा म्हणून नवस बोलत होते आणि आता हा डोंगर, आम्ही दोन पोरी आणि खाली दवाखाना दोन तासांवर. बयाबाईंचं तोंड पांढरं पडलं होतं. माधुरीने आईचा पदर घट्ट धरला होता.

“काकू, बसा. मूठ करा. फुंका, फुगा फुगवल्यासारखं. फुंकतच राहा.”

मी पंधरा मोजले, आडवं केलं, माधुरीने पाय वर धरले. काही नाही. पाच मिनिटं थांबलो. ती पाच मिनिटं मी माझ्या आयुष्यात सगळ्यात हळू गेलेली म्हणून लिहून ठेवते. पुन्हा फुंका, पुन्हा पाय वर. आणि एकदम, जसं कुणी चालू मिक्सर बंद करावा तसं, बोटांखाली शांत. मग एक ठोका. मग एक. मग एक. मी कधीच एवढं सुंदर काही हातात धरलं नव्हतं.

“ग्येला,” बयाबाई म्हणाल्या.

अकरा चौदा. माधुरीने लिहिलं आणि आम्ही दोघी उतारावर नाचायलाच लागलो, शेणाने भरलेली मी आणि पाठोपाठ ती. बयाबाई गवतावर पडून बघत होत्या. “बघा गो बघा. मी मरता मरता वाचले नि ह्या पोरी नाचतात.”

“काकू, सापडला तो.”

“मग बांधून ठेव. माझी शेरडं खाली चालली.”

फेब्रुवारीत मॅडमनी पट्टी टेबलावर पसरली. एका मिनिटाला एकशे ब्याण्णव ठोके. हृदयात वीज जायला एक वाट असते, बयाबाईंच्या हृदयात जन्मापासून दोन होत्या. वीज एका वाटेने उतरायची आणि दुसरीने परत वर, गोल गोल, थांबायचं नावच नाही. जास्तीची वाट बंद केली की बेडूक संपला. मांडीच्या शिरेतून तार आत न्यायची आणि त्या जागी उष्णतेने बारीकसा डाग द्यायचा. शेतातून पडलेली चोरवाट बुजवण्यासारखं.

मी भैरूकाकांकडे बघत होते. आता ते नाही म्हणणार, काळजाला डाग कसला, असं काहीतरी. त्यांनी मिशी चोळली.

“म्हंजे डागायचं.”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

“आमच्यात बैलाचा खांदा धरला की मीच डागतो. वाडीत दुसऱ्याला जमत नाय. इळा लाल करायचा, लावायचा नि लगीच उचलायचा. जास्ती टेकवला तर जनावर वाया.”

“माझंही तेच आहे. जागा हृदयाच्या मुख्य वाटेला अगदी लागून असते. जास्ती टेकवून चालत नाही. तसं झालं तर ठोके चालवायला बॅटरी बसवावी लागते. शंभरात एखादीला होतं ते, लपवत नाही तुमच्यापासून.”

“केवढा डाग?”

“तांदळाच्या दाण्याएवढा.”

भैरूकाका कितीतरी वेळ मॅडमच्या हातांकडे बघत होते. “किती डागलेत आजवर?” त्यांनी विचारलं.

“दीड हजारांवर.”

“मग तुमचा हात माझ्यापेक्षा बसलाय,” ते म्हणाले आणि बयाबाईंकडे वळले. “जाऊ आपण.”

पेपर झाले. एप्रिलमध्ये आम्ही पुण्याला गेलो, बाबांच्या गाडीतून. बयाबाईंना आत नेलं तेव्हा त्या शुद्धीतच होत्या. या कामात बहुतेकांना पूर्ण झोपवत नाहीत. बाहेर आमच्याजवळ डॉ. रुचिर येऊन बसले. ते मॅडमच्या हाताखाली हेच काम शिकत होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही कितवीला आहात.

“सव्विसावीला,” ते म्हणाले. मग बोटांवर मोजून दाखवलं. बारावी, मग साडेपाच वर्षं, मग तीन, मग आणखी तीन हृदयाची, आणि आता ठोक्यांची दोन. मधे परीक्षांची वाट बघण्यात गेलेली वेगळी. वय बत्तीस आणि आई अजून विचारते, अभ्यास झाला का.

“कंटाळा नाही येत?”

“येतो ना. मग एखादा बेडूक येतो.” ते उठून आत गेले.

दोन तासांनी मॅडम बाहेर आल्या. अंगावर शिशाचं जड जॅकेट, केस टोपीत, कपाळावर घाम. त्यांनी आम्हाला एका काचेपलीकडच्या पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. आधी बेडूक मुद्दाम उठवला होता, तो उठला. मग डाग. मग पुन्हा डिवचला. पुन्हा. औषध देऊन डिवचला. अर्धा तास. रेघ आपली शहाण्यासारखी चालत राहिली. माधुरीने काचेला नाक लावलं होतं आणि तिच्या श्वासाने काच धुरकट होत होती, ती पुसायची आणि परत बघायची.

बाहेर आणल्यावर बयाबाईंनी पहिलं वाक्य काय बोलावं? “काळीला कोण बघतंय?”

मे महिन्यात निकाल लागला. माधुरीला चौऱ्याण्णव टक्के. मला किती ते महत्त्वाचं नाही, एकोणनव्वद. भैरूकाका पेढे घेऊन आमच्या घरी आले. बयाबाई आता एकट्या सगळ्या डोंगरावर फिरतात आणि बेडकाचं नाव नाही, म्हणाले. “पोरीनं शिकावं. माझी ना नाय. पण वसतिगृह दहावीपातुर. आता जागा कुठली? ती रोज चढून उतरून काय शिकणार?” माधुरी खाली बघत पेढ्याच्या कागदाची घडी करत होती. कागदाची इतकी बारीक घडी मी कधी बघितली नाही.

ती दोघं गेल्यावर आई माझी बॅग कुठली घ्यायची त्याचं बोलत होती. मी पुण्याला मावशीकडे राहून अकरावी करायची, मोठ्या क्लासला जायचं, हे गेल्या दिवाळीतच ठरलं होतं. बाबा आमरसाची वाटी पुसून खात होते. मी जागेवरून उठले. बसून मला हे बोलता आलं नसतं.

“आई, बाबा, ऐका जरा. मी हृदयाच्या ठोक्यांची डॉक्टर होणार आहे. तोवर मी बत्तीस वर्षांची होईन, हिशोब केलाय, म्हणजे घाई काही नाही. म्हणून पहिली दोन वर्षं मी पुण्याला जाणार नाही, इथेच महाडात सायन्सला जाणार. आणि माधुरी माझ्या खोलीत राहणार. खिडकीकडची बाजू तिची. ती मला गणित शिकवेल, तिला मी बोलायला शिकवेन. भैरूकाका अजून स्टँडवरच असतील, पोलादपूरच्या गाडीला वीस मिनिटं आहेत. मी त्यांना सांगायला निघालेय.”